दुर्मीळ जनुकीय आजार : धोरण शहापूर-मुरबाडच्या बालकापर्यंत कसे पोहोचेल?

ऑक्टोबर २०२५ मध्ये एका औषधाच्या किमतीने देशभरातील वृत्तपत्रांत मथळे मिळविले. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजेच एसएमए, या जनुकीय आजारावरील 'रिसडिप्लाम' हे औषध तोपर्यंत बाटलीमागे सुमारे सहा लाख रुपयांना मिळत असे. न्यायालयीन लढा जिंकल्यानंतर नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणले. याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईतील एका बालिकेसाठी सुमारे १६ कोटी रुपयांचे इंजेक्शन परदेशातून मागविण्यात आले होते. त्यावरील आयातशुल्क व कर शासनाने माफ केल्याची बातमीही आपण वाचली असेल.

अशा बातम्यांनी मनाला दिलासा मिळतो. परंतु त्या वाचताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावर किंवा मुरबाडच्या टोकावडे परिसरात असेच बालक जन्मास आले, तर त्याला अमुक आजार आहे हे कोणाच्या लक्षात येईल? आणि केव्हा? औषधाची किंमत कितीही उतरली, तरी ज्या बालकाच्या आजाराला अद्याप नावच मिळालेले नाही, त्याच्यापर्यंत ते औषध पोहोचू शकत नाही. ग्रामीण ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने दुर्मीळ आजारांचा खरा प्रश्न खर्चाच्या कितीतरी आधी, वेळेवर ओळख होण्यापाशी सुरू होतो.

धोरणाने काय दिले?

जन्मापासून शरीरात एकत्र आढळणाऱ्या अनेक लक्षणांच्या समूहास वैद्यकीय भाषेत 'सिंड्रोम' म्हणतात. अशा बहुतेक लक्षणसमूहांचे मूळ गुणसूत्रांतील किंवा जनुकांतील बदलात असते. प्रत्येक आजार स्वतंत्रपणे पाहिला तर अत्यंत विरळा. मात्र जगात असे सात ते आठ हजार आजार असल्याचे मानले जाते. त्यामुळे एकत्रित विचार केल्यास बाधित कुटुंबांची संख्या लहान राहत नाही.

या आजारांसाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये पहिले धोरण आखले, परंतु ते पुढे स्थगित ठेवण्यात आले. सध्याचे 'राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण' मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यात आजारांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटात एकदाच करावयाच्या उपचाराने, उदाहरणार्थ अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने, आटोक्यात येऊ शकणारे आजार आहेत. दुसऱ्या गटातील आजारांस दीर्घकाळ, पण तुलनेने कमी खर्चाचे उपचार लागतात. तिसऱ्या गटासाठी औषध उपलब्ध आहे, मात्र त्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचा आहे. मे २०२२ पासून या तिन्ही गटांतील रुग्णास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ही रक्कम कुटुंबाच्या हाती पडत नाही. निवडक रुग्णालयांमार्फत उपचारांवर खर्च होते. अशा रुग्णालयांना 'उत्कृष्टता केंद्र' असे नाव आहे. सुरुवातीस देशात आठ केंद्रे होती, ती पुढे बारा झाली. महाराष्ट्रातील केंद्र म्हणजे मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालय.

या धोरणातील मर्यादाही स्पष्ट आहेत. एन्झाइमचे इंजेक्शन आयुष्यभर घ्यावे लागते आणि मात्रा वजनानुसार ठरते. बालक वाढते तसा खर्चही वाढतो. अशा वेळी एकदाच मिळणारे ५० लाख रुपये काही काळातच संपतात आणि उपचार मध्येच थांबण्याची वेळ येते. याच प्रश्नावर अनेक पालकांनी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारावा आणि २०२४-२५ व २०२५-२६ या वर्षांसाठी ९७४ कोटी रुपयांची तरतूद करावी, असे निर्देश दिले.

निधीचा हा वाद महत्त्वाचा आहे. परंतु त्या निधीच्या रांगेत उभे राहण्यासाठी आधी निदान हाती असावे लागते, आणि धोरणात वयाची एक अट अशी आहे की जी खेड्यातील बालकाच्या बाबतीत निर्णायक ठरते.

दोन वर्षांची मुदत

'हुर्लर सिंड्रोम' या आजाराचे उदाहरण घेऊ. शरीरातील काही पदार्थांचे विघटन करणारे एन्झाइम या बालकांत नसते. त्यामुळे ते पदार्थ यकृत, हाडे, हृदय, डोळे व मेंदू यांत साचत जातात. जन्मतः बालक सर्वसाधारण दिसते. मग हळूहळू बेंबीचा हर्निया, सतत वाहणारे नाक, वारंवार कान फुटणे, मोठे होत जाणारे पोट, जाडसर होत जाणारा चेहरा, न वळणारी बोटे, पाठीला येणारा बाक अशी लक्षणे एकामागून एक दिसू लागतात. बुबुळ धुरकट होते. शिकलेले शब्द बालक विसरू लागते.

या आजाराच्या तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपयोग होऊ शकतो. मात्र तो आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत व्हावा लागतो, आणि राष्ट्रीय धोरणातही या उपचारासाठी हीच मुदत नमूद आहे. यामागे वैद्यकीय कारण आहे : मेंदूची एकदा झालेली हानी प्रत्यारोपणाने भरून येत नाही.

आता ही मुदत मुरबाडच्या संदर्भात पाहावी. हर्निया दिसला तर त्यावर स्वतंत्र उपचार होतात. सर्दीसाठी वेगळे औषध, कानासाठी वेगळे थेंब. पोट मोठे म्हणून जंताच्या गोळ्या. प्रत्येक लक्षणावर स्वतंत्रपणे केलेला हा उपचार चुकीचा म्हणता येत नाही. परंतु ही सर्व लक्षणे एकाच बालकात का, हा प्रश्न विचारणारी व्यक्ती त्या बालकास चौथ्या वर्षी भेटली, तर प्रत्यारोपणाचा मार्ग तोपर्यंत बंद झालेला असतो. शासनाचे ५० लाख रुपये कागदावर तसेच राहतात.

कुपोषणाच्या नोंदीत हरवलेले बालक

शहापूर-मुरबाडच्या बाबतीत आणखी एक विशेष अडचण आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून जुन्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात बालकांकडे पाहण्याची आरोग्ययंत्रणेची मुख्य दृष्टी कुपोषणाची राहिली, आणि ते योग्यही होते. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी कुटुंबांतील बालकांचे वजन होते, दंडाचा घेर मोजला जातो, ग्राम बाल विकास केंद्रात पूरक आहार मिळतो. यातून असंख्य बालके वाचली आहेत.

परंतु ज्या बालकाचे वजन आहार देऊनही वाढत नाही, त्याच्या बाबतीत 'तीव्र कुपोषित' हा शेरा शोधाचा शेवट ठरू नये. त्या शेऱ्याआड हृदयाचा जन्मजात दोष असू शकतो, थायरॉइड ग्रंथीचा विकार असू शकतो किंवा एखादा सिंड्रोम असू शकतो.

'प्रादर-विली सिंड्रोम' हे याचे बोलके उदाहरण आहे. १९५६ मध्ये झ्युरिक येथील डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. पंधराव्या गुणसूत्रावरील काही जनुके कार्यरत नसल्यामुळे तो उद्भवतो. साधारणपणे दहा ते तीस हजार जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. असे अर्भक जन्मतः अतिशय शिथिल असते. उचलले तर हातातून निसटेल असे वाटते. त्याचे रडणे क्षीण असते आणि त्याला अंगावरचे दूध ओढता येत नाही. मुलगा असल्यास अंडकोश बहुधा खाली उतरलेले नसतात. साहजिकच वजन वाढत नाही आणि त्याची नोंद कुपोषित म्हणून होते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर चित्र पालटू लागते. मेंदूतील भूक-नियंत्रण केंद्राकडून पोट भरल्याचा संदेश मिळत नाही. बालक सतत अन्न मागते, लपवून खाते, पुढे मातीत पडलेले किंवा शिळेही खाते. वजन झपाट्याने वाढते. कालपर्यंत ज्या मातेला 'मुलाला नीट खाऊ घालत नाही' असे ऐकावे लागत होते, तिलाच आज 'लाड करून खादाड केले' असे ऐकावे लागते. दोन्ही वेळा दोष तिच्या माथी येतो आणि दोन्ही वेळा कारण एकच असते.

या आजाराचे निदान रक्ताच्या एका जनुकीय चाचणीने जवळजवळ निश्चितपणे होते. त्यानंतरच्या व्यवस्थापनाचा मोठा भाग घरच्या स्वयंपाकघरात घडतो. अर्भक असताना वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, गरज पडल्यास नळीने पोषण द्यायचे. पुढे जेवणाच्या वेळा ठरलेल्या, पानातील वाढ ठरलेली, आणि अन्न कुलपाआड. शेजारी, अंगणवाडी, शाळा, नातेवाईक अशा सर्वांनी मधूनच खाऊ न देण्याचा नियम पाळायचा. कुलूप लावणे कठोर वाटते, पण त्या बालकासाठी अनावर खाणे जिवावर बेतू शकते. वाढीच्या संप्रेरकाचे उपचार उपयुक्त ठरतात आणि राष्ट्रीय धोरणाच्या दुसऱ्या गटात त्यांचा समावेश आहे. म्हणजे शासकीय मार्ग आहे, घरगुती मार्गही आहे. दोन्हींची गुरुकिल्ली मात्र आजाराचे नाव कळणे हीच आहे.

नावाने काय बदलते?

'निदान होऊनही औषध नसेल तर उपयोग काय?' असा प्रश्न अनेक पालक विचारतात. तो रास्तही वाटतो, कारण २०२१ च्या धोरणातच म्हटल्याप्रमाणे दुर्मीळ आजारांपैकी पाच टक्क्यांहून कमी आजारांवर उपचार उपलब्ध आहेत. या प्रश्नाचे उत्तर सर्वांत परिचित अशा सिंड्रोमच्या इतिहासात सापडते.

डाउन सिंड्रोमचे वर्णन इंग्रज डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये केले, परंतु त्याचे कारण जवळजवळ शतकभर अज्ञात होते. त्या काळात मातेच्या चारित्र्यापासून व्यसनापर्यंत नाना तर्क लढविले जात. जानेवारी १९५९ मध्ये पॅरिस येथील जेरोम लेजून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युरपँ यांनी या बालकांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असल्याचे प्रसिद्ध केले. एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र जास्तीचे होते. या शोधाने मातांवरील कलंक पुसण्याचा शास्त्रीय पाया घातला. लेजून यांनी पुढील आयुष्य या बालकांच्या सेवेत व त्यांच्या जगण्याच्या हक्कासाठी वेचले. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'आदरणीय' म्हणून घोषित केले.

त्या जास्तीच्या गुणसूत्रावर आजही औषध नाही. तरीही अमेरिकेत १९८३ मध्ये सुमारे २५ वर्षे असलेले या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान आता ६० वर्षांच्या आसपास पोहोचले आहे. हे कसे घडले? आजाराचे नाव माहीत असल्यामुळे कोणत्या वयात काय तपासायचे हे ठरले. या बालकांपैकी ४० ते ५० टक्के बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, म्हणून जन्मानंतर लवकरात लवकर हृदयाची इको तपासणी. मोठे छिद्र असल्यास बहुधा पहिल्या काही महिन्यांतच शस्त्रक्रिया, कारण विलंब झाल्यास फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब कायमचा वाढतो आणि पुढे शस्त्रक्रियाही करता येत नाही. थायरॉइडची चाचणी जन्मतः, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि नंतर दरवर्षी. कान, डोळे, दात यांची नियमित तपासणी. स्नायूंना बळ देणारे व्यायाम व वाचाउपचार पहिल्या महिन्यांपासून. यांतील एकही गोष्ट नवलाची नाही. साध्या गोष्टी वेळेवर व सातत्याने झाल्या, एवढेच.

पालघरला सुरू झालेली योजना

ज्या योजनेवर या साऱ्याची भिस्त आहे, तिचा आरंभ आपल्याच परिसरात झाला होता. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे देशव्यापी उद्घाटन पालघर येथे झाले. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला.

या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची तपासणी अपेक्षित आहे. जन्मजात दोष, आजार, पोषणविषयक कमतरता आणि विकासातील विलंब हे त्याचे चार विभाग होत. प्रसूतिगृहात कर्मचारी व घरी आशा कार्यकर्ती नवजात अर्भक तपासतात. त्यानंतर डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. संशयित बालकास तालुक्याच्या रुग्णालयात आणि तेथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. कागदावर ही साखळी पूर्ण आहे.

प्रत्यक्षात तिच्या तीन कड्या कमकुवत राहतात. पहिली कडी यादीची. पथकाच्या तपासणीयादीत ३० विकार आहेत. त्यांत जन्मजात दोषांखाली थेट नावानिशी येणारा गुणसूत्रीय सिंड्रोम एकच, डाउन सिंड्रोम. इतर सिंड्रोमची बालके हृदयदोष, दुभंगलेले टाळू, बहिरेपणा किंवा विकासातील विलंब अशा सुट्या नोंदींतून पुढे येतात. दोन-तीन नोंदी एकाच बालकाच्या नावापुढे असतील, तर त्या जोडून पाहणे हे पथकातील डॉक्टरांच्या जागरूकतेवर अवलंबून राहते.

दुसरी कडी स्थलांतराची. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर भिवंडी, कल्याण व अन्य भागांत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पथक अंगणवाडीत आले त्या दिवशी बालक भट्टीवर असेल, तर 'गैरहजर' एवढीच नोंद होते. सहा महिन्यांतून एकदा येणारी संधी दोनदा हुकली की पहिले वर्ष संपते.

तिसरी कडी अंतराची. शहापूर तालुक्यातील कसारा ते मुंबई हा रेल्वेमार्ग सुमारे १२० किलोमीटरचा आहे. मुरबाडच्या प्रवाशाला आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते, आणि माळशेज घाटाकडील वाड्यांतून मुरबाडला येणेच एक प्रवास असतो. मुंबईची तहान भागविणारे भातसा व तानसा जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत. येथील पाणी रोज मुंबईला पोहोचते. येथील बालकास मात्र परळला नेण्यासाठी आई-वडील दोघांची मजुरी बुडते. जनुकीय तपासणीसाठी एकच फेरी पुरत नाही. रक्त देण्यास एक, अहवालास दुसरी, समुपदेशनास तिसरी. पहिल्या फेरीनंतर कुटुंब परत न जाणे यास आपण अज्ञान म्हणतो, पण बहुतेक वेळा तो हिशेब असतो.

कोणत्या खुणा लक्षात घ्याव्यात?

सिंड्रोमचे निदान हे तज्ज्ञांचे काम आहे. शंका घेणे मात्र आई, आजी, सुईण, आशा, अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या धर्मभगिनी यांपैकी कोणालाही शक्य आहे. पुढीलपैकी काही आढळल्यास, विशेषतः दोन किंवा अधिक खुणा एकत्र दिसल्यास, बालकास वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्यावे :

– अर्भक फार शिथिल असणे, दूध ओढता न येणे, पाजताना घाम येणे, धाप लागणे किंवा ओठ निळसर होणे.

– आहार मिळूनही वजन न वाढणे, किंवा दोन-तीन वर्षांनंतर अनावर भूक व झपाट्याने वाढणारे वजन.

– चार-पाच महिन्यांनंतरही मान न सावरणे, नऊ-दहा महिन्यांनंतर आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षानंतर न चालणे.

– आधी येत असलेली गोष्ट, जसे बोलणे, बसणे किंवा नजर देणे, नाहीशी होणे. ही खूण कधीही दुर्लक्षू नये.

– घरातील इतरांशी न जुळणारी चेहऱ्याची ठेवण, डोक्याचा फार लहान वा मोठा आकार, नवजात मुलीच्या हातापायांवर सूज व मानेला सैल कातडी.

– हर्निया, मोठे यकृत, आखडलेले सांधे, धुरकट बुबुळ, ऐकू न येणे.

– त्याच कुटुंबात यापूर्वी तशीच लक्षणे असलेले बालक दगावलेले असणे.

जाताना माता-बाल संरक्षण पत्रिका, वजनाच्या नोंदी आणि पूर्वीचे सर्व कागद एका पिशवीत न्यावेत. बालकाची जन्मापासूनची छायाचित्रे असतील तर तीही दाखवावीत. चेहऱ्यातील बदल त्यांतून तज्ज्ञांना चटकन समजतो. झटके किंवा विचित्र हालचाली येत असल्यास मोबाइलवर त्यांचे चित्रीकरण करून ठेवावे. कामासाठी गाव सोडण्यापूर्वी आशा कार्यकर्तीस कळवावे आणि जेथे जाणार तेथील अंगणवाडीत बालकाचे नाव नोंदवावे.

निदानानंतरचा सांभाळ

निदान झाल्यावर डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : आजाराचे नाव, पुढील दोन वर्षांत कोणत्या तपासण्या केव्हा करायच्या, आणि कोणते चिन्ह दिसताच तातडीने रुग्णालयात यायचे. हा एक कागद तालुक्याच्या डॉक्टरांना पुढचे काम करण्यास बळ देतो आणि मुंबईच्या फेऱ्या कमी करतो. लसीकरण थांबवू नये. काही विकारांत एखादी लस टाळावी लागते, ते डॉक्टर सांगतील. भौतिकोपचाराचे व्यायाम आईने व आजीने शिकून घेतले तर रोज घरी करता येतात, आणि रोज घरी केलेल्या व्यायामाची बरोबरी महिन्यातून एकदा केंद्रात झालेला उपचार करू शकत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. प्रत्येक सिंड्रोमचे नाव त्यात नाही, पण बौद्धिक अक्षमता, अस्थिव्यंग, बुटकेपणा, श्रवणदोष, बहुदिव्यांगत्व अशा प्रकारांत ही बालके बसू शकतात. प्रमाणपत्र व युडीआयडी ओळखपत्र मिळाल्यास पुढील सवलतींचे दार उघडते. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता व बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्यविमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, आणि त्यात नियमित उपचारांचाही समावेश आहे.

दोष कोणाचा?

खेड्यात असे बालक जन्मले की पहिला प्रश्न 'कोणाचे काय चुकले?' हाच असतो. ग्रहणात गर्भवतीने विळी हाती धरली, कोणाची नजर लागली, सासरचे बाहेरचे काही आहे, असे सांगितले जाते. मग भगताकडे फेऱ्या होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. जन्मांध माणसास पाहून पाप कोणाचे, असा प्रश्न शिष्यांनीही प्रभू येशूला विचारला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील तो प्रसंग आपणांस परिचित आहे, आणि येशूने त्या प्रश्नाचा रोखच नाकारला हेही आपण जाणतो.

शास्त्राचे उत्तरही दोष देत नाही. डाउन व प्रादर-विली हे बहुतांशी बीजपेशी तयार होताना आपोआप घडलेल्या बदलांमुळे होतात. पुढच्या अपत्यात ते पुन्हा होण्याची शक्यता सहसा अत्यल्प, एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी असते. हुर्लरसारख्या विकारात मात्र निरोगी दिसणारे आई व वडील दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असतात आणि प्रत्येक गर्भारपणात बाधित बालक होण्याची शक्यता २५ टक्के असते. जवळच्या नात्यातील विवाहांत अशी गाठ पडण्याचा संभव वाढतो. ख्रिस्तसभेचा कायदा सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहास विशेष सूट घेतल्याशिवाय मान्यता देत नाही, हे येथे आठवणे उचित ठरेल. नेमका कोणता विकार आहे हे कळल्याशिवाय यांपैकी कोणती शक्यता आपल्या कुटुंबास लागू पडते, ते कोणीही सांगू शकत नाही. म्हणून जनुकीय समुपदेशन टाळू नये. ते केवळ पुढच्या गर्भाविषयी असते हा समज बरोबर नाही. समोर असलेल्या बालकाची काळजी कशी घ्यावी, हेच त्यातून प्रथम कळते.

काय घडावयास हवे?

शासनाकडून अपेक्षा तीन आहेत. शहापूर व मुरबाड येथे ठरावीक दिवशी बालरोग व जनुकशास्त्र तज्ज्ञांचे शिबिर व्हावे आणि रक्ताचा नमुना तालुक्यातूनच परळला जावा. नमुना प्रवास करू शकतो, मग बालकाने प्रत्येक वेळी का करावा? कुपोषित म्हणून नोंदलेल्या ज्या बालकाचे वजन उपचारानंतरही वाढत नाही, त्याची बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी सक्तीची व्हावी. आणि फिरत्या पथकाच्या वेळापत्रकात वीटभट्ट्यांचा समावेश व्हावा.

आपल्या धर्मग्रामांकडूनही अपेक्षा आहेत, आणि त्या फार खर्चिक नाहीत. ज्या कुटुंबाला परळच्या फेऱ्या करावयाच्या आहेत त्याच्या प्रवासाचा व बुडालेल्या मजुरीचा भार सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघटनेसारख्या मंडळांना उचलता येईल. मुंबईत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला अहवाल घेण्याचे व तारीख लावण्याचे काम करता येईल. विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात आनुवंशिकतेविषयी अर्धा तास देता येईल. कुटुंब ख्रिस्ती आहे की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. पाड्यावरील बहुतेक कुटुंबे नसतीलच.

दिल्लीतील निधी किती कोटींचा असावा हे न्यायालय व शासन ठरवील. औषध किती रुपयांना मिळावे हे बाजार व पेटंटचा कायदा ठरवील. परंतु दूध न ओढणारे एखादे शिथिल अर्भक पहिल्या महिन्यात डॉक्टरांपर्यंत पोहोचते की चौथ्या वर्षी, हे त्याच्या पाड्यावर, त्याच्या अंगणवाडीत आणि त्याच्या शेजारात ठरते. तेथे आपण आहोत.